गावोगाव पांगलेल्या पेटी मास्तरच्या वह्या : कोणाकडून कोणाकडं गेल्या ते कसं शोधायचं

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा गोंदिया चंद्रपूर गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर धान निघालं की थेट होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात, आणि या नाटकांना, दंडारीला, खडी गमतीला (ही इथली लोकनाट्यं), भजनी मंडळांना चाली बांधून देणारे पेटी मास्तर, म्हणजे हार्मोनियम वाजवणारे, गावोगाव होऊन गेले. यातल्या बहुतेकांचं छापील पान एकही नाही. जे आहे ते वह्यांत, आणि वह्यांच्याही आधी सुट्या कागदांवर, कारण चाल सुचली की माणूस वही शोधत बसत नाही, हाताला लागेल त्या कागदावर सा रे ग म खरडतो. नाटकाच्या हँडबिलाच्या मागं, तेंदूपत्त्याच्या फडीवरच्या हिशेबाच्या कागदामागं, लग्नपत्रिकेच्या पाकिटावर. मास्तर गेले की हे सगळं पांगतं, थोडं शिष्याकडं, थोडं मुलीकडं, थोडं रद्दीत.

हे कागद गोळा करणारी माणसं आता बरीच दिसून राहिली आहेत आणि त्याचा मला फार आनंद आहे, पण बहुतेक जण एकच प्रश्न विचारत फिरतात की "मास्तरची वही कोणाकडं आहे?" वही सापडली, फोटो काढला, झालं काम. माझं म्हणणं असं की खरं काम तिथून सुरू होतं, ती वही त्या घरात आली कशी, त्याच्या आधी कुठं होती, त्याच्याही आधी कुठं होती. ही साखळी हातात नसेल तर ती वही मास्तरचीच आहे हे कशावरून म्हणायचं, शिष्यानं केलेली नक्कल असू शकते, दुसऱ्याच मास्तरची असू शकते, आणि तिची फाटलेली पानं अजून कुठल्या घरात असतील हे तर साखळीशिवाय कळणारच नाही.

शेतीवाल्याला हे समजावायला सोपं आहे. सातबारा आज कोणाच्या नावानं आहे ते सांगतो, पण तो त्याच्या नावानं कसा झाला ते फेरफार सांगतो, वारसान की खरेदी की बक्षीसपत्र, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदाच्या आधारानं. कब्जा कोणाचा हा प्रश्न आणखीनच वेगळा. वहीच्या बाबतीत पटवारी नाही, तेव्हा फेरफार आपल्यालाच लिहायचा आहे. प्रत्येक फेराला चार गोष्टी लागतात : कोणाकडून, कोणाकडं, कधी, कसं. आणि पाचवी, जी सगळेच विसरतात, ती म्हणजे हे तुम्हाला कशावरून कळलं.

सुरुवात आजच्या माणसापासून करा आणि मागं मागं जा. मास्तरपासून सुरू करून पुढं यायचा मोह होतो कारण गोष्ट तशी छान वाटते, पण तसं केलं की आपण मनातच ठरवून टाकतो की वह्या थोरल्या मुलाकडंच गेल्या असणार, आणि मग तेच ऐकू येतं. आज जिच्या हातात वही आहे त्या बाईला विचारायचं की "काकू, ही वही तुम्ही पहिल्यांदा कुठं पाहिली?" हा प्रश्न "कोणाची आहे" पेक्षा शंभरपट चांगला, कारण मालकी म्हटलं की घरात भाऊबंदकी जागी होते, आणि पहिल्यांदा कुठं पाहिली म्हटलं की माणूस आठवायला लागतो. माहेरी मावशीच्या टिनाच्या पेटीत पाहिली, सासऱ्यांनी छपरावरून काढली, असं काहीतरी निघतंच.

मग मागचा टप्पा. इथं तीन वेळांबद्दल नेमकं विचारा, कारण आपल्याकडं जुने कागद घराबाहेर पडतात ते मुख्यतः याच तीन वेळी. एक म्हणजे मास्तरची तेरवी, त्या आठ-पंधरा दिवसांत पाहुणे असतात आणि "बाबांची आठवण म्हणून नेतो जी" म्हणून वस्तू जातात. दुसरी वेळ भावाभावांच्या वाटणीची, वाटणीपत्रात बैल, भांडी, कवेलू सगळं लिहिलेलं असतं पण वह्या कधीच नसतात, त्या "किरकोळ सामान" मध्ये जातात, तरी वाटणीपत्र पाहायला मागा कारण पेटी आणि तबला कोणाच्या वाट्याला गेला ते त्यात सापडू शकतं. तिसरी वेळ म्हणजे घरकुल. मातीचं घर पाडून घरकुल बांधलं तेव्हा पाटणीवरचं, सांदीतलं सगळं सामान बाहेर आलं आणि तेव्हा जे फेकलं ते गेलं, जे शेजारच्या घरी ठेवलं ते तिथंच राहिलं. घरकुल कोणत्या वर्षी मंजूर झालं ते ग्रामपंचायतीत कळतं, म्हणजे तारीखही मिळाली. गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनात गेलेल्या गावांत तर संपूर्ण गावच उठलं, तिथं जुन्या गावातला शेजार कोण होता हे विचारल्याशिवाय काहीच उलगडत नाही.

आणि पेटीचा माग काढा. हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. मास्तर बहुतेक वेळा चालू वही पेटीच्या खोक्यातच ठेवायचे, भात्याच्या मागं किंवा झाकणात, आणि पेटी विकली गेली की वही तिच्यासोबत गेली. घरच्यांना वहीचं काही आठवत नाही पण पेटी कोणी नेली, किती रुपयात नेली, पैसे पूर्ण दिले की नाही, हे पन्नास वर्षांनीही पक्कं आठवतं. पेटी दुरुस्त करणारे कारागीर तालुक्याच्या ठिकाणी मोजकेच असतात, त्यांना पेटीच्या सुरांवरून, पट्ट्यांवरून, कंपनीच्या पाटीवरून पेटी ओळखता येते आणि ती कुठल्या कुठल्या मंडळात फिरली ते पण सांगतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे तर झाडीपट्टी नाटक कंपन्यांचं बुकिंगचं गाव, तिथल्या जुन्या वादकांशी बोला.

बायकांशी बोला हे वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगतो, कारण आपण ओसरीवर बसून काकाजींशीच बोलून परत येतो. कागद जपले ते आतल्या खोलीत. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तेव्हा बापाची भजनाची वही घेऊन गेली, हे वंशावळीच्या कागदात कधीच दिसत नाही. मास्तरच्या मुली, बहिणी, सुना, सगळ्यांची गावं लिहून घ्या, माहेरचं गाव आणि सासरचं गाव दोन्ही.

कधी जायचं, तर रोवणीच्या दिवसांत जाऊ नका, कोणालाही वेळ नसतो आणि पावसात जुना कागद उघडूही नये. धान चुरल्यानंतर जा, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवसांत जा, तेव्हा बाहेरगावचे पाहुणेही गावात असतात आणि एकाची आठवण दुसरा दुरुस्त करतो. पहिल्या भेटीत वही मागू नका. "काहून पायता जी, जुनी रद्दी आहे" असं म्हणतील, म्हणू द्या, मास्तरची एखादी चाल येत असेल तर गुणगुणा, चहा होऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत वही आपोआप बाहेर येते.

आता वही हातात आली की माणसांची आठवण बाजूला ठेवून कागदाला विचारा. इथं जरा थांबून सांगतो कारण कागद फार बोलतो आणि तो कोणाची बाजू घेत नाही.

आधी पुठ्ठा. वहीवर छापलेली किंमत पाहा. आण्यांत असेल तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधी छापलेली, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. "नये पैसे" असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपास, कारण १ जून १९६४ पासून सरकारनं त्यातला नये हा शब्द काढला, छापखानेवाल्यांनी पुढं थोडे दिवस जुनं चालवलं असेल ते धरून चाला. शिक्का किंवा पत्ता असेल तर आणखी मजा. "मध्यप्रांत व वऱ्हाड" असेल तर १९५० च्या आधीचं. "मध्यप्रदेश" आणि सोबत नागपूर भंडारा चांदा असं काही असेल तर १९५० ते १९५६, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. "जि. चांदा" हे चंद्रपूरचं जुनं नाव. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, गोंदिया १ मे १९९९ ला, तेव्हा शिक्क्यावर "जि. गडचिरोली" असेल तर तो शिक्का मारणारा हात १९८२ च्या नंतरचा, मग आतली चाल कितीही जुनी असो. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं.

आता हे नीट समजून घ्या की वहीत अनेक तारखा असतात. वही छापली ती एक, मास्तरनं लिहिलं ती दुसरी, नंतरच्या मालकानं नाव टाकलं ती तिसरी, वर पेपरचं कव्हर घातलं ती चौथी. फेरफाराला तिसरी आणि चौथी जास्त उपयोगाची. कव्हरचा पेपर उलगडून (जबरदस्ती नाही, सुटत असेल तरच) तारीख पाहा, त्या तारखेच्या आधी हे कव्हर बसलेलं नाही एवढं पक्कं.

वहीच्या पोटात जे सापडतं ते तिथल्या तिथं फोटो काढून नोंदवा, कोणत्या दोन पानांच्या मध्ये होतं ते सुद्धा. समजा एक हँडबिल निघालं, मागं मास्तरनं नांदीचा मुखडा खरडलाय, पुढं छापलंय "शुक्रवार दि. १२ जानेवारी", वर्ष नाही, हँडबिलावर वर्ष कोणी छापतच नाही. तर १२ जानेवारीला शुक्रवार कोणत्या वर्षी येतो ते पाहायचं : १९५१, १९६२, १९६८, १९७३, १९७९. तिकीट दर लिहिलाय ५० नये पैसे. म्हणजे १९५१ बाद, १९७३ आणि १९७९ बाद, राहिलं १९६२ आणि फार ताणलं तर १९६८. सोबत तिथी छापलेली असेल तर जुनं पंचांग उघडून उरलेलं भांडणही मिटतं. बघा, एका फाटक्या हँडबिलावरून मुखडा कधीच्या नंतर खरडला ते कळलं. कधीच्या नंतर, हं. हँडबिल जुनं आणि लिखाण त्यानंतर कधीचंही असू शकतं, पण असले कागद कोणी दहा-दहा वर्षं सांभाळत नाही, तेव्हा अंदाज जवळचा.

तेंदूपत्त्याच्या हिशेबाचा कागद मिळाला तर तो सोन्यासारखा जपा, कारण उन्हाळ्यात फडीवर मुन्शीचं काम करणारे मास्तर कमी नव्हते, आणि त्या कागदावर फडीचं गाव, हंगाम, मजुरांची नावं, पुड्यांचा आकडा असतो. म्हणजे चाल कुठं बसून सुचली ते कळतं आणि त्या गावात मास्तरचा मुक्काम कोणाकडं असायचा ते विचारत जाता येतं, तिथं आणखी कागद असण्याची शक्यता चांगली.

जुन्या मालकांच्या नोंदीत मोडी दिसली तर घाबरू नका, मोडी वाचणारे नागपूर, अमरावती, यवतमाळकडं मिळतात. सनाचा घोळ मात्र सांभाळा. शके असेल तर ७८ मिळवा, संवत असेल तर ५७ वजा करा (मारवाडी दुकानदाराच्या वहीत संवतच असतो, उधारीत "मास्तर, कागद दस्ता १" अशी नोंद मिळाली तर समजा नशीब उघडलं), आणि जुन्या महसुली कागदात फसली असेल तर साधारण ५९० मिळवा. वर्षाच्या सुरुवातीचे महिने वेगळे असल्यानं एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

हात ओळखणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. मास्तरचं पक्कं अक्षर असलेला एक तरी कागद आधी मिळवा, सही असलेला, शाळेचा दाखला, पोस्टाचा फॉर्म, काहीही. मग स्वरलिपी बघा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुलीसारखी खूण आणि खालीला शून्य. पलुस्कर पद्धत वेगळी. मास्तर कोणाकडं शिकले त्यावर त्यांची पद्धत ठरते आणि माणूस ती सहसा बदलत नाही. शिवाय प्रत्येकाच्या खासगी खुणा असतात, कोणी "काळी चार" (पेटीवरची चौथी काळी पट्टी) लिहील, कोणी "का. ४", कोणी लांबवलेल्या स्वरापुढं अवग्रह काढील, कोणी नुसती रेघ.

कच्चं लिखाण आणि नक्कल यातला फरक डोळ्यांना लगेच शिकवा. कच्च्या कागदावर खाडाखोड असते, एकच ओळ तीनदा वेगवेगळी, मध्येच गाण्याचे शब्द सोडून नुसते स्वर, मात्रा न जुळल्यामुळं बाजूला मोजलेल्या काड्या. नकलेत अक्षर स्वच्छ असतं आणि चुका वेगळ्या जातीच्या असतात, म्हणजे दोन ओळींचा शेवट सारखा असला की मधली ओळच गळलेली असते, कारण लिहिणाऱ्याची नजर खालच्या ओळीवर गेली. शिष्याची नक्कल म्हणून तिला कमी लेखू नका, पण तिचा फेरफार वेगळा लिहा, तिची सुरुवात शिष्याच्या घरापासून होते.

सुटी पानं एकाच वहीची आहेत की नाही हे शोधायची युक्ती युरोपातल्या लोकांनी फार पुढं नेली आहे आणि ती आपल्याला जशीच्या तशी वापरता येते म्हणून थोडं सांगतो. जर्मन संगीतकार बीथोवन मार्च १८२७ मध्ये व्हिएन्नात वारला, आयुष्यभर घरं बदलत राहिला पण कच्च्या वह्या त्यानं सोबत वागवल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच्या कागदांचा लिलाव झाला, आर्टारियासारख्या प्रकाशकांनी आणि व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, आणि मग पानं फाटली, भेट म्हणून गेली, विकली गेली. आज ती बर्लिन, बॉन, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, क्राकोव अशी पसरलेली आहेत. डग्लस जॉन्सन, अॅलन टायसन आणि रॉबर्ट विंटर या तिघांनी १९८५ साली या वह्या मुळात कशा होत्या ते पानापानानं मांडून दाखवलं. कशावरून, तर हातकागदातल्या पाणचिन्हावरून (कागद उजेडात धरला की दिसणारी कारखान्याची खूण), शिलाईच्या भोकांवरून, एका पानाची ओली शाई समोरच्या पानावर उमटली त्या डागांवरून, फाटलेल्या कडांवरून. म्हणजे एक पान एका देशात आणि त्याचा डाग दुसऱ्या देशात, आणि दोन्ही जुळले.

आपल्या शाळकरी वहीत पाणचिन्ह नसतं पण बाकी सगळं असतं. टाचणीचा गंज दोन पानांवर एकाच उंचीवर असतो. पाण्याचा डाग पानागणिक हळूहळू लहान होत जातो, त्यावरून पानांचा क्रम लागतो. आखणीच्या रेघांमधलं अंतर पट्टीनं मोजा, दोन कंपन्यांच्या वह्यांत ते सहसा वेगळं असतं. आणि वाळवी. वाळवीचं किंवा कसरीचं भोक सलग पानांतून आरपार जातं, एका घरातल्या पानांवरचं भोक आणि दुसऱ्या घरातल्या पानांवरचं भोक ट्रेसिंग पेपरवर काढून एकमेकांवर ठेवलं आणि बसलं, तर ती पानं वाळवी लागली तेव्हा एकत्र होती. यातून फेरफाराला जबरदस्त आधार मिळतो : वही फाटली ती वाळवी लागल्यानंतर. एका घरचे लोक म्हणत असतील की आमच्याकडं ही पानं मास्तर जिवंत असतानाच आली, आणि वाळवी तेरवीनंतरच्या पावसात लागली हे दुसऱ्या घरात पक्कं माहीत असेल, तर कुठंतरी आठवण चुकते आहे आणि कुठं चुकते आहे ते तुम्हाला कळलं. मोबाईलचा टॉर्च एका बाजूनं तिरका धरून फोटो काढा, दाबाच्या खुणा, वरच्या पानावरून खाली उमटलेलं लिखाण, सगळं दिसतं. शेजारी पट्टी ठेवायची विसरू नका.

बीथोवनच्या वह्यांची आणखी एक गोष्ट कामाची. त्यातल्या कितीतरी वह्या आज जुन्या मालकाच्या नावानं ओळखल्या जातात. तिसऱ्या सिंफनीची कच्ची वही "लांड्सबर्ग ६" म्हणून ओळखतात, लांड्सबर्ग हा संग्राहक. त्याचा संग्रह बर्लिनच्या लायब्ररीत गेला, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचवायला तिथले कागद सायलेशियातल्या ग्रुसाऊच्या मठात हलवले, युद्धानंतर तो मुलूख पोलंडात आला आणि कागद क्राकोवच्या यागेलोनियन लायब्ररीत गेले, १९७७ पर्यंत बाहेरच्या जगाला त्याचा पक्का पत्ता नव्हता. लंडनमधला एक मोठा गठ्ठा "काफ्का" नावानं, कारण त्या नावाच्या संगीतकार-संग्राहकाकडून तो १८७५ साली ब्रिटिश म्युझियमनं घेतला. तुम्ही पण वह्यांना असंच ओळखा, अमक्या गावची वही, तमक्या मावशीची वही, आणि आत क्रमांक द्या. "वही १, वही २" असं नाव दिलं की ती कुठून आली ते पहिल्याच दिवशी पुसलं जातं.

तिथूनच तोंडी पुराव्याबद्दल सावधगिरीही शिकावी. आंटोन शिंडलर हा बीथोवनचा जवळचा माणूस, संभाषणाच्या वह्या (बीथोवनला ऐकू येत नव्हतं म्हणून लोक ज्यात लिहून बोलायचे त्या) त्याच्याकडं होत्या आणि १८४६ मध्ये त्यानं त्या बर्लिनच्या लायब्ररीला विकल्या. शंभर वर्षांहून जास्त काळ लोक त्यावर विसंबले, आणि १९७७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की शिंडलरनं नंतर बसून त्यात स्वतःची वाक्यं घुसवली होती. तेव्हा मास्तरचा पट्टशिष्य म्हणतो म्हणून खरं, असं लिहू नका. त्याचा मान ठेवा, त्याचं म्हणणं त्याच्या नावानं लिहा, आणि दुसऱ्या घरातून, ज्याचं त्याच्याशी येणं-जाणं नाही अशा घरातून, तेच ऐकायला मिळतं का पाहा.

लेखी आधार गावात आणि बाहेर दोन्हीकडं मिळतो. भजनी मंडळ नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याच्या मालमत्तेची नोंद असते, त्यात पेटी, तबला, पुस्तकं आली का बघा, आणि मंडळाची ठराव वही व जमाखर्च तर पाहाच, "मास्तरच्या घरून वह्या आणल्या, भाडं १ रुपया" अशी एक ओळ म्हणजे पक्का फेर. वाचनालयात वही गेली असेल तर तिच्यावर दाखल क्रमांकाचा शिक्का असतो, दाखल रजिस्टरला तो क्रमांक काढला की तारीख आणि कोणी दिली ते समोर येतं. नाटकासाठीच्या चाली असतील तर नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडं, गेली होती का ते पाहा, तिच्यावरची तारीख आणि अर्जदाराचं नाव दोन्ही कामाचं. मास्तर रेडिओवर गायले-वाजवले असतील तर आकाशवाणी नागपूर १९४८ पासूनचं आहे, कराराचा कागद घरात जपलेला असतो बहुतेक वेळा, फ्रेम करून सुद्धा. सरकारी कार्यालयातला कागद तोंडी मागून मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा, नेमका कागद आणि नेमकं वर्ष लिहून. बाकी नागपूरचं अभिलेखागार, विदर्भ साहित्य संघ, यवतमाळचं शारदाश्रम, इथं एकदा तरी जाऊन विचारा.

आता लिहायचं कसं. साधी लांब रजिस्टरची वही घ्या, मोबाईलमध्ये नुसतं ठेवू नका. एका फेराची नोंद मी अशी करतो :

"पानं ७ ते १२, मावशीची वही. आज मावशीकडं. त्याआधी तिच्या आईकडं, माहेरी. कधी आली : घरकुल बांधलं त्या वर्षी. कशी : माहेरचं घर पाडताना आईनं दिली, कायमची. आधार : मावशी स्वतः, आणि वेगळं विचारल्यावर तिची भावजय. घरकुलाचं वर्ष ग्रामपंचायतीतून पडताळायचं आहे. आईच्या आधी : माहीत नाही."

ते शेवटचं "माहीत नाही" लिहिताना लाज वाटू देऊ नका, आणि मुख्य म्हणजे तिथं "बहुधा मास्तरनं दिली असावी" असं टाकून भोक बुजवू नका, कारण पुढचा माणूस ते "बहुधा" खाऊन टाकतो आणि दोन वर्षांत ते खरं होऊन बसतं. बीथोवनच्या ग्रोसे फुगे या रचनेचं चार हातांच्या पियानोसाठीचं हस्तलिखित १८९० च्या बर्लिनच्या लिलावानंतर नजरेआड झालं होतं, ते २००५ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका धर्मशिक्षण संस्थेच्या लायब्ररीत सापडलं. एवढी वर्षं जागा रिकामी होती आणि रिकामी आहे असं लिहिलेलं होतं, म्हणून ते सापडल्यावर नीट जागेवर बसलं.

"कशी" या रकान्यात प्रामाणिक शब्द वापरा : विकत, बक्षीस, वारसा, उसनी, नक्कल करायला नेली, विचारून नाही नेली. आपल्याकडं सगळ्यात जास्त संख्या उसन्याची. "दोन दिवसात देतो" म्हणून नेलेली वही तीस वर्षं तिकडंच असते आणि दोन्ही घरांना ती आपली वाटते, दोन्ही घरं खोटं बोलत नसतात. अशा ठिकाणी न्यायाधीश होऊ नका, दोघांचं म्हणणं दोन ओळींत लिहा, आणि फोटोचा एकेक संच दोन्ही घरांना द्या. वाद बराच निवतो.

कायद्याचं थोडक्यात. कागदाचा मालक आणि चालीचा मालक वेगळा असू शकतो. वही विकत घेतली म्हणून चाल छापायचा किंवा रेकॉर्ड करायचा हक्क मिळत नाही. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे मास्तर १९७० ला गेले असतील तर २०३० च्या अखेरपर्यंत, आणि जे हयातीत ना छापलं ना लोकांसमोर गायलं-वाजवलं, ते पहिल्यांदा प्रसिद्ध झालं की पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. मृत्युपत्रात न छापलेलं हस्तलिखित कोणाला दिलं असेल आणि वेगळं काही लिहिलं नसेल, तर कॉपीराइटही त्याच्याकडं गेला असं कायदा धरतो, तेव्हा मृत्युपत्र आहे का ते जरूर विचारा. ७५ वर्षांहून जुनं आणि ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेलं हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तूत मोडतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर विकता-पाठवता येत नाही. कोणी व्यापारी चांगले पैसे देतो म्हणत असेल तर घरच्यांना हे सांगा.

हाताळताना लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, फेविकॉल नाही. पानावर क्रमांक टाकायचाच तर मऊ पेन्सिलीनं, कोपऱ्यात, बारीक, आणि घरच्यांना विचारून. सुती कापडाच्या बस्त्यात बांधून जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवायला सांगा, वाळवी भिंतीतून येते. वही त्यांच्या घरातून बाहेर नेऊ नका, फोटो तिथंच दाराशी उजेडात काढा. न्यावीच लागली तर दोन प्रतींत पावती करा, किती पानं, कोणती फाटकी, कधी परत, दोघांच्या सह्या. नाहीतर उद्या कोणीतरी साखळी शोधत येईल आणि तुमचंच नाव "उसनी नेली" च्या रकान्यात निघेल.

लोकांना दाखवताना घरांचे पत्ते आणि नावं टाकू नका, तुमच्या रजिस्टरात ती पूर्ण असू द्या आणि बाहेर नुसतं गाव किंवा तालुका. रजिस्टरची एक झेरॉक्स तालुक्याच्या वाचनालयात ठेवा, एक ज्या शिष्याला खरंच आस्था आहे त्याच्याकडं, आणि ज्या घरानं वही दाखवली त्या घराला त्यांच्या वहीचा फेरफार वेगळ्या कागदावर लिहून, वहीच्याच बस्त्यात घालून द्या. वही पुढं मुलीबरोबर सासरी गेली तर तो कागदही तिच्यासोबत जाईल, खाली दोन-चार ओळींची जागा मोकळी ठेवा आणि पुढचा फेर तिथंच लिहा म्हणून सांगा.